वाटा

वेंगुर्ल्याच्या बाजारात एकतीस वर्षं मी वाटे लावते.
पाच बांगडे, वर एक लेपो, कडेला मूठभर पेडवे
आणि एखादी कुर्ली, जी कुणी मागितलेली नसते.
गिऱ्हाईक म्हणतं, बांगडे तेवढे दे.
मी म्हणते, वाटो सगळो घे, नायतर फुडे जा.

म्हणून गितेश जेव्हा म्हणाला,
आये, केबल म्हणजे लूट आसा,
दोनशे एकतीस चॅनेल, बघतंस तू चार,
तेव्हा मी गप्प राहिले.
लूट मला ठाऊक आहे. तिच्यावर हा शिकला.

तीनशे चाळीस रुपये महिन्याला.
त्यात तेलुगू बातम्या,
मध्यरात्रीही बांगड्या विकणारी एक बाई,
तीन चॅनेल नुसतेच निळे,
आबा ते निळेही थोडा वेळ बघतात.

तो म्हणाला, हवं तेवढंच घ्यायचं,
इसवणीची तुकडी घेतात तसं, तोलून.
आणि बर्फाच्या बिलामागे हिशेब मांडला:
मॅचचे एकशे एकोणपन्नास.
माझ्या मालिकेचे नव्याण्णव, जाहिरातींसकट
(असू देत, जाहिरातीत मी भात वाढते).
त्याच्या मारामारीचे एकशे नव्याण्णव.
नातीच्या बोलक्या मांजराचे परत नव्याण्णव.
पाचशे सेहेचाळीस.
आणि नेट?
नेट तर आसाच, म्हणाला.
नेट काय भरतीबरोबर खाडीत येतं?
चारशे नव्याण्णव लिही.
लिहिले.
मग बराच वेळ पेन चावत बसला.

वर्षाचं एकदम भरलं तर स्वस्त, आये.
एकदम.
जून-जुलैत होड्या वर ओढलेल्या,
इंजिनावर ताडपत्री,
माझ्या पाटीत सुकट तेवढी.
तेव्हा इनास डिसोजा दारात येतो,
पावतीपुस्तक उघडतच नाही.
चवथीक दी गे, म्हणतो,
पायरीवर टेकतो, पाणी पितो,
कुणाच्या खांबावर वीज पडली ते सांगतो.
ॲपला मी उधारीचं विचारलं नाही.
विचारायला त्याला दारात यावं लागेल.

परवा इनास आला तर पावतीपुस्तक नव्हतं.
हातात छोटं मशीन.
मावशे, केबल काढ, माझाच नेट घे.
मॅच, शिरेली, मांजर,
सगळी ॲपां एकत्र, सातशेत.
मी त्याच्याकडे बघत राहिले.
म्हणजे वाटोच मां रे?
वाटोच, तो म्हणाला, आणि आम्ही हसलो.
तो जरा कमी.

आणि आषाढात?
मशीन त्याने उलटंसुलटं केलं.
आता ता माझ्या हातात नाय गे.
तारखेक आपोआप बंद होता.

आणि पट्टी?
पट्टी म्हणजे आमच्या केबलवर खाली सरकते ती.
भेंडीचं बियाणं मिळेल.
उभ्यादांड्याच्या कुणाचं निधन.
बकरी हरवली, काळी, एक कान फाटका.
इनासची बहीण लोर्दीन टाइप करते,
ऱ्हस्वदीर्घाचं तिच्याशी वैर आहे.
ती खंयच्याच ॲपात नाय, इनास म्हणाला
आणि मशीन खिशात घातलं.

गितेशला अजून काही सांगितलं नाही.
ठरलंय तरी कुठे.
ह्या महिन्याचे तीनशे दिले,
वरचे चाळीस सुटे नव्हते,
बांगडे दिले.

रात्री शेवटचं षटक चालू होतं,
घर ओरडत होतं, नात खाटेवर उभी.
मी खाली बघत होते.
‘ऊद्या व परवा नळाला पानी येनार नाही.’
उठले,
हंडे खळबळून नळाखाली लावले.